मिझोराममधलं बंड संपलं, नागालँड-मणिपूरमधलं का नाही?

प्रश्न थोडक्यात असा होता: नागालँड आणि मणिपूरमध्ये सहा-सात दशकं लष्कर आहे, अफ्स्पा (अशांत भागात सुरक्षा दलांना विशेष अधिकार देणारा कायदा) आहे, करार झाले, युद्धविराम झाले, तरी सशस्त्र गट तसेच आहेत. शेजारच्या मिझोराममधलं बंड मात्र वीस वर्षांत मिटलं. असं का? आणि आता म्यानमार सीमेवर कुंपण घातल्याने चित्र बदलेल का?

आधी सरळ उत्तर देतो. बंदूक सगळ्यांना दिसते, पण असं बंड तगतं ते दोन गोष्टींवर: लोकांकडून होणारी वसुली आणि सीमेपलीकडे पाठ टेकायला मिळणारी जागा. मिझोराममध्ये दुसरी गोष्ट १९७१ मध्ये बऱ्याच अंशी हातची गेली, पहिली हळूहळू आटली, आणि मग जी एकच संघटना होती तिच्या एकाच नेत्याशी करार झाला. नागा प्रश्नात क्रम उलटा पडला. करार आधी झाले, तेही प्रत्येक वेळी अर्ध्याच लोकांशी. पुढे युद्धविराम आला आणि त्याच्या आडोशाने वसुलीला स्थैर्य मिळालं. बाकी सगळा या दोन वाक्यांचा विस्तार आहे.

नागांचा घटनाक्रम माहीत असेल तर हा परिच्छेद सोडून द्या. नागा नॅशनल कौन्सिलने, म्हणजे एनएनसीने, १४ ऑगस्ट १९४७ रोजी स्वातंत्र्य जाहीर केलं. १९५१ मध्ये स्वतःचं सार्वमत घेतलं, १९५२ च्या निवडणुकीवर बहिष्कार टाकला, मार्च १९५६ मध्ये स्वतःचं 'फेडरल' सरकार स्थापलं, आणि त्याच वर्षी नागा टेकड्यांत लष्कर उतरलं. एनएनसीचे नेते फिझो पूर्व पाकिस्तानमार्गे लंडनला गेले. जुलै १९६० मध्ये १६ कलमी करार झाला, पण तो नागा पीपल्स कन्व्हेन्शनशी, म्हणजे मवाळांशी. त्यातून १ डिसेंबर १९६३ रोजी नागालँड राज्य झालं. लढणारे मात्र जंगलातच राहिले. १९७५ चा शिलाँग करार भूमिगतांच्या काही प्रतिनिधींशी झाला. त्याला विश्वासघात म्हणणाऱ्या इसाक स्वू, मुइवा आणि खापलांग यांनी १९८० मध्ये नॅशनल सोशालिस्ट कौन्सिल ऑफ नागालँड, म्हणजे एनएससीएन, काढली. १९८८ मध्ये तीही फुटली: एक आयएम (इसाक-मुइवा), दुसरी के (खापलांग). १९९७ मध्ये आयएमशी युद्धविराम झाला आणि ३ ऑगस्ट २०१५ रोजी 'फ्रेमवर्क करारा'वर सह्या झाल्या, पण अंतिम करार अडला तो वेगळा ध्वज आणि वेगळी घटना या मागण्यांवर. २०१७ मध्ये इतर नागा गटांच्या समितीशी आणखी एक वेगळी सहमती झाली. प्रत्येक करारामागे एक गट वगळला गेला, आणि पुढच्या फेरीत तोच सगळ्यात कडवा निघाला.

आता मिझोरामकडे वळू. त्याची 'यशोगाथा' म्हणून जी आवृत्ती सांगितली जाते, ती अर्धीच आहे.

सुरुवात उंदरांपासून होते. तिथल्या बांबूच्या एका मुख्य जातीला साधारण ४८ वर्षांनी एकदम फुलोरा येतो. त्याला मिझो लोक 'मौताम' म्हणतात. फुलोऱ्यामागोमाग उंदरांची संख्या बेसुमार वाढते आणि ते भात फस्त करतात. मिझो टेकड्या तेव्हा आसामचा एक जिल्हा होत्या. १९५९ च्या मौतामचा इशारा जिल्ह्यातून आधीच दिला गेला होता, पण आसाम सरकारने तो अंधश्रद्धेत काढला. दुष्काळात मदतीसाठी उभ्या राहिलेल्या संघटनेतूनच १९६१ मध्ये लालडेंगांची मिझो नॅशनल फ्रंट, एमएनएफ, निघाली. २८ फेब्रुवारी १९६६ च्या रात्री त्यांनी आयझॉल, लुंगलेई आणि इतर ठिकाणच्या सरकारी ठाण्यांवर एकाच वेळी हल्ले केले आणि १ मार्चला स्वातंत्र्य जाहीर केलं. आयझॉलमधल्या आसाम रायफल्सच्या छावणीला वेढा पडला. ५ मार्चला भारतीय हवाई दलाच्या विमानांनी आयझॉलवर मारा केला. स्वतःच्याच नागरी वस्तीवर हवाई दल वापरण्याचा हा प्रसंग देशात दुसरीकडे घडलेला नाही, आणि मिझो घरांतून तो आजही विसरला गेलेला नाही.

त्यानंतर जानेवारी १९६७ पासून 'गावांचं एकत्रीकरण' सुरू झालं. सिलचर-आयझॉल-लुंगलेई हा एकच मोठा रस्ता. त्याच्या आसपासची १०६ गावं उठवून १८ केंद्रांत आणली गेली. पहिल्या टप्प्यातच सुमारे ५० हजार माणसं हलवली गेली, पुढच्या टप्प्यांत आणखी. सरकारी नाव होतं 'संरक्षित आणि प्रगतिशील गावं'. प्रत्यक्षात होतं असं: घरातलं जेवढं पाठीवर येईल तेवढं उचला, बाकी मागे जळतं. नव्या जागी कुंपण, ओळखपत्रं, संचारबंदी, जाता-येता नोंद आणि मोजून शिधा. लष्करी तर्क साधा होता. बंडखोराला भात, खबर आणि निवारा गावातून मिळतो. गावच रस्त्यालगत पहाऱ्यात आणलं की तो उपाशी पडतो.

हे चाललं का? चाललं, पण किंमत मोठी होती आणि ती वेगळ्या खात्यात पडली. झूमशेती, म्हणजे डोंगरउतारावरची फिरती शेती, गावापासून तास-दीड तासाच्या चालीवर असते. एकत्र आणलेल्या गावकऱ्याला आपलं शेत इतकं लांब पडलं की संचारबंदीच्या वेळा सांभाळून तिथे राबणं अशक्य झालं. पीक घटलं, लोक शिध्यावर अवलंबून राहिले, आणि बंडाशी देणंघेणं नसलेल्या कुटुंबालाही एक कायमची जखम मिळाली. बंडखोर दुबळे झाले हे खरं, पण त्यांची पाठ मोडली ती पूर्व पाकिस्तानात. चितगाव टेकड्यांतले तळ १९७१ च्या युद्धात गेले आणि एमएनएफला ब्रह्मदेशातल्या आराकानच्या जंगलाकडे सरकावं लागलं. तिथे ना पैसा, ना पाठीशी कुठलं सरकार. ज्यांना एकत्रीकरणाचं 'मॉडेल' इतरत्र वापरावंसं वाटतं ते हा १९७१ चा भाग हमखास गाळतात.

तरीही करार व्हायला आणखी १५ वर्षं गेली. ३० जून १९८६ रोजी दिल्लीत सह्या झाल्या: लालडेंगा, मिझोरामचे मुख्य सचिव लालखामा आणि केंद्रीय गृहसचिव राम प्रधान. प्रधान महाराष्ट्र केडरचे, आणि तो त्यांच्या निवृत्तीचा दिवस होता. करार टिकला त्याची कारणं कागदावरच दिसतात. मागणी स्वतंत्र देशाची होती. मिळालं पूर्ण राज्य, आणि घटनेचं कलम ३७१ जी. त्यानुसार मिझोंचे धार्मिक-सामाजिक रिवाज, रूढीचा कायदा आणि जमिनीची मालकी यांबाबत संसदेचा कायदा विधानसभेने ठराव केल्याशिवाय तिथे लागू होत नाही. म्हणजे 'बाहेरचे येऊन जमीन घेतील' या मूळ भीतीवर नेमकं उत्तर. आधी शस्त्रं खाली, मग राज्य, असा क्रम ठरला आणि पाळलाही गेला. सत्तेतल्या काँग्रेसच्या लालथनहॉलांनी मुख्यमंत्रिपद सोडलं, लालडेंगा त्या खुर्चीवर बसले आणि लालथनहॉला त्यांच्या हाताखाली उपमुख्यमंत्री झाले. निवडून आलेला मुख्यमंत्री कालच्या बंडखोरासाठी उठतो, ही गोष्ट कुठल्याही सुरक्षा आराखड्यात लिहून आणता येत नाही. २० फेब्रुवारी १९८७ रोजी राज्य झालं. चर्चचा दबावही दोन्ही बाजूंवर सतत होता. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे एमएनएफ एकसंध होती. लालडेंगांनी सही केल्यावर 'आम्ही मानत नाही' म्हणणारा बंदूकधारी गट उरला नाही.

नागांमध्ये हे का जमत नाही, याचं एक कारण भूगोलात आहे. आयएमचं बळ मोठ्या प्रमाणात मणिपूरच्या उखरुलसारख्या, तांगखुल नागांच्या भागातलं आहे, म्हणजे नागालँडच्या बाहेरचं. नागालँडला काहीही दिलं तरी आयएमच्या कार्यकर्त्यांचं घर त्यात येत नाही. त्यांना सगळे नागा प्रदेश एकत्र हवेत. आणि ते करायचं तर मणिपूर पेटतं. जून २००१ मध्ये युद्धविराम 'प्रादेशिक मर्यादेविना', म्हणजे नागालँडबाहेरही, लागू करायचं ठरलं. इंफाळमध्ये १८ जूनला उसळलेल्या उद्रेकात विधानसभेची इमारत जळली, गोळीबारात १८ जण मेले, आणि केंद्राला जुलैअखेरीस ते शब्द मागे घ्यावे लागले. करारातले दोन-तीन शब्द किती महाग पडू शकतात याचं याहून स्पष्ट उदाहरण मला माहीत नाही.

आता सुरक्षा दलं रोज करतात काय, आणि चुकतं कुठे.

एक ढोबळ ठोकताळा वापरला जातो: बंड आटोक्यात ठेवायला दर हजार लोकांमागे २० सुरक्षा कर्मचारी. मणिपूरची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत साडेअठ्ठावीस लाखांच्या आसपास, म्हणजे सुमारे ५७ हजार माणसं. आकडा मोठा वाटतो, पण कागदावरची शंभर जणांची कंपनी घ्या. रजा, आजारपण, प्रशिक्षण, लंगर, वायरलेस, तळाचा पहारा आणि रस्ता मोकळा करण्याची ड्युटी वजा केली की रात्रीच्या गस्तीला दहा-दहाच्या दोन-तीन तुकड्या उरतात. 'इतकं सैन्य आहे तरी' असं म्हणताना हा हिशेब डोळ्यांसमोर ठेवावा.

सगळ्यात जास्त माणसं खाणारं काम म्हणजे रस्ता मोकळा करणं. त्याला आरओपी (रोड ओपनिंग पार्टी) म्हणतात. उजाडता उजाडता तुकडी पायी निघते. काही जण दोन्ही बाजूंच्या उंचवट्यांवर चढून बसतात, बाकीचे मोऱ्या, पुलांचे खांब, ताजी उकरलेली माती, कालपर्यंत नसलेला दगडांचा ढीग बघत चालतात. ताफा गेल्यावरही माणसं जागेवरच असतात. संध्याकाळी उलट्या क्रमाने उठतात. काम कंटाळवाणं आहे आणि कंटाळ्यातूनच चुका होतात. रोज तीच वेळ, तोच उंचवटा, तीच बसण्याची जागा. दोन बटालियनच्या हद्दी जिथे मिळतात तो तुकडा दोघांनाही दुसऱ्याचा वाटतो. जुनी बटालियन जाऊन नवी येते तेव्हाचे काही आठवडे सगळ्यात नाजूक, कारण रस्त्याची ओळख जाते आणि खबऱ्यांची साखळी तुटते. आणि परतीचा प्रवास: जाताना सगळी काळजी घेतली जाते, येताना 'आता तर गेलो होतो' म्हणून ढिलाई येते.

४ जून २०१५ रोजी मणिपूरच्या चंदेल जिल्ह्यात लष्कराच्या ६ डोग्रा बटालियनच्या ताफ्यावर आधी स्फोट झाला, मग रॉकेट आणि स्वयंचलित बंदुकांचा मारा; १८ जवान गेले. एनएससीएन-केने त्याच वर्षी मार्चमध्ये युद्धविराम मोडला होता. म्हणजे इशारा दोन महिन्यांहून जास्त आधी मिळालेला होता. १३ नोव्हेंबर २०२१ रोजी चुराचांदपूरमध्ये आसाम रायफल्सचे एक कमांडिंग ऑफिसर, त्यांची पत्नी, लहान मुलगा आणि चार जवान पुढच्या चौकीवरून परतताना मारले गेले. दोन्ही ठिकाणं सीमेलगतची. हल्ला करणाऱ्याला गोळी झाडायला लागतात काही मिनिटं; त्यानंतर सीमेपलीकडच्या जंगलात शिरायला एखादी रात्र पुरते.

दुसरं काम घेराबंदी आणि झडती. पुस्तकी पद्धत चांगली आहे: गावाला रात्रीच वेढा, झडती उजेडात, सोबत स्थानिक पोलीस आणि महिला पोलीस, प्रत्येक घरात मालक हजर, गावबुढा म्हणजे गावप्रमुख साक्षीला, जप्तीची यादी जागेवरच. शेवटी गावबुढ्याकडून 'काही नुकसान नाही' असा कागद घेतात. त्या कागदाची किंमत गावकऱ्यांना आणि तुकडीला दोघांनाही ठाऊक असते. बंदूकधाऱ्यांसमोर कोण 'नुकसान झालं' लिहून देणार? घेराबंदी किती वेळा केली हा आकडा वरच्या कार्यालयात कामगिरी म्हणून मोजला जाऊ लागला की हत्यारं मिळत नाहीत, फक्त गाव दुरावतं. मिळालेली हत्यारं कुठल्या माहितीवरून मिळाली, ही नोंद जास्त उपयोगाची.

माहितीचंच बोलायचं तर ओटिंग बघा. ४ डिसेंबर २०२१, नागालँडचा मोन जिल्हा. कोळशाच्या खाणीवरून पिकअपमधून घरी निघालेल्या मजुरांवर पॅरा कमांडोंच्या दबा धरलेल्या तुकडीने गोळीबार केला. सहा जण मेले. पुढे संतापलेल्या गावकऱ्यांशी झालेल्या झटापटीत आणि दुसऱ्या दिवशी मोन शहरात आणखी माणसं गेली. एकूण १४ नागरिक आणि एक जवान. पोलिसांच्या एफआयआरमध्ये म्हटलं होतं की सोबत स्थानिक पोलीस वाटाड्या नव्हता आणि तो मागितलाही नव्हता. 'अमुक वाटेने अमुक गट येणार' एवढ्या खबरीवर बसलेल्या तुकडीला संध्याकाळच्या अंधुक उजेडात येणारी गाडी तीच वाटते. दुसऱ्या स्वतंत्र सूत्राकडून खातरजमा, वाट ओळखणारा स्थानिक माणूस, आणि गाडी आधी थांबवण्याची योजना, या तीनपैकी एक गोष्ट असती तरी ती माणसं वाचण्याची शक्यता होती. विशेष तपास पथकाने ३० लष्करी कर्मचाऱ्यांवर आरोपपत्र ठेवलं, केंद्राने खटल्याची परवानगी नाकारली, आणि सप्टेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कार्यवाही थांबवली.

इथे अफ्स्पा येतो. त्याबद्दल दोन्ही बाजूंनी बरंच चुकीचं बोललं जातं, म्हणून कायद्यात काय आहे ते बघा. हा १९५८ चा कायदा. मूळ साचा ब्रिटिशांच्या १९४२ च्या वटहुकुमाचा. कलम ३ खाली एखादा भाग 'अशांत' जाहीर करावा लागतो, त्याशिवाय पुढचं काही लागू होत नाही. कलम ४ खाली नॉन-कमिशन्ड अधिकाऱ्यापासून वर कुणालाही, पाच किंवा जास्त जणांच्या जमावबंदीचा किंवा हत्यार बाळगण्यावरच्या बंदीचा भंग होत असेल तर, योग्य इशारा देऊन, जीव जाईल इतपत बळ वापरता येतं. वॉरंटशिवाय अटक आणि झडतीही करता येते. 'योग्य इशारा देऊन' हे शब्द कायद्यातच आहेत, लोक ते विसरतात. कलम ५ सांगतं की पकडलेला माणूस कमीत कमी विलंबाने पोलीस ठाण्यात द्या. कलम ६ नुसार केंद्राच्या पूर्वपरवानगीशिवाय खटला चालत नाही.

१९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायदा वैध ठरवला, पण अशांत क्षेत्राचा दर सहा महिन्यांनी फेरविचार करायला सांगितला आणि लष्कराच्या 'काय करा, काय करू नका' या यादीला बंधनकारक केलं. २०१६ मध्ये मणिपूरच्या प्रकरणात, अशांत क्षेत्रातही अवाजवी बळाला माफी नाही, असं म्हटलं. २००४ मध्ये मणिपूरमध्ये आसाम रायफल्सने ताब्यात घेतलेल्या थांगजाम मनोरमांच्या मृत्यूनंतर नेमलेल्या न्यायमूर्ती जीवन रेड्डी समितीने तर २००५ मध्ये कायदाच रद्द करायला सुचवलं होतं. माझं मत: खरी अडचण कलम ४ पेक्षा कलम ६ मध्ये आहे. गोळी झाडण्याचा अधिकार कुठल्यातरी रूपात द्यावाच लागेल, कारण कायद्याच्या आधाराशिवाय सैनिकाला तिथे उभं करता येत नाही. पण परवानगी कधी द्यायची, किती दिवसांत द्यायची, नाकारली तर कारणं कुठे मांडायची, याचं कुठलंच वेळापत्रक नाही. त्यामुळे निर्दोष अधिकाऱ्यावरचा संशय कधी फिटत नाही आणि दोषीलाही शिक्षा होत नाही.

कायदा काढला की काय होतं, हे मणिपूरमध्ये दिसलं. २०२२ आणि २०२३ मध्ये इंफाळ खोऱ्यातल्या १९ पोलीस ठाण्यांच्या हद्दीतून अफ्स्पा उठला. त्या वेळी तो निर्णय चुकीचा वाटत नव्हता. हिंसाचार घटलेला होता. ३ मे २०२३ रोजी खोऱ्यातल्या मैतेई आणि डोंगरातल्या कुकी-झो समाजांत हिंसाचार भडकला तेव्हा खोऱ्यात लष्कराच्या हाती तो कायदा नव्हता आणि पोलीस दल दोन समाजांत विभागलं गेलं. शस्त्रागारांतून सुमारे ६ हजार हत्यारं लुटली गेली. जून २०२३ मध्ये इथम गावात लष्कराने एका बंडखोर गटाच्या १२ जणांना पकडलं. महिलांच्या पुढाकाराने हजार-पंधराशेचा जमाव उभा राहिला, आणि रक्तपात नको म्हणून स्थानिक नेत्याच्या ताब्यात त्यांना सोडून द्यावं लागलं. त्यावरून लष्करावर टीका झाली, पण निःशस्त्र जमावात गोळ्या झाडल्या असत्या तर पुढची दहा वर्षं गेली असती. नोव्हेंबर २०२४ मध्ये जिरीबामसह सहा ठाण्यांच्या हद्दीत अफ्स्पा परत आला.

वसुलीकडे या. युद्धविरामाचे नियम कागदावर कडक आहेत: ठरलेल्या छावण्यांतच राहायचं, गणवेशात आणि हत्यारासह बाहेर फिरायचं नाही, खंडणी घ्यायची नाही, नवी भरती नाही. कुकी गटांशी ऑगस्ट २००८ मध्ये झालेल्या 'कारवाई-स्थगिती' करारात हत्यारं दोन कुलपांत ठेवायची असतात, एक किल्ली गटाकडे, दुसरी सुरक्षा दलाकडे, आणि कार्यकर्त्यांना दरमहा मानधन. नियमभंग झाला तर तक्रार देखरेख समितीकडे जाते. मेख इथेच आहे. खंडणी हा दखलपात्र गुन्हा. पण गट युद्धविरामात असेल तर पोलीस ठाण्याचा अधिकारी विचार करतो की हात घालू की वर विचारू. विचारण्यात आठवडा जातो. दरम्यान ट्रकमालक पैसे देऊन मोकळा होतो आणि भाड्यात लावतो. दुकानदार किमतीत लावतो. सरकारी कर्मचाऱ्याच्या पगारातूनही ठरावीक हिस्सा जातो. गट फुटला की पावत्या दुप्पट होतात, कारण दोघेही 'सरकार'. याच जाचाला कंटाळून २०१३ मध्ये दिमापूरमध्ये हजारो नागा रस्त्यावर उतरले; मागणी होती 'एक सरकार, एक कर'. लढ्याविषयी सहानुभूती असलेला माणूसही पाच-पाच पावत्यांना वैतागतो. सुरक्षेच्या दृष्टीने ही त्या काळातली सर्वांत मोठी संधी होती आणि तिचा उपयोग जवळजवळ झाला नाही.

महामार्गही तेच सांगतात. इंफाळला बाहेरून जोडणारे मुख्य मार्ग दोन: दिमापूर-कोहिमावरून येणारा आणि सिलचर-जिरीबामवरून येणारा. दोन्ही डोंगरातून जातात. डोंगरात एक समाज, खोऱ्यात दुसरा. खोरं राज्याच्या क्षेत्रफळाच्या दहाव्या भागाइतकं, पण निम्म्याहून जास्त लोक तिथे. रस्ता अडवणाऱ्याच्या हाती राज्याचा गळा असतो. १ नोव्हेंबर २०१६ पासून मार्च २०१७ पर्यंत चाललेल्या नाकेबंदीत हे चार महिन्यांहून जास्त काळ लोकांनी भोगलं. सुरक्षा दल ताफे काढून ट्रक आणतं, पण ताफ्याचा ट्रक म्हणजे पुन्हा आरओपी, पुन्हा तीच माणसं, आणि गस्तीला आणखी कमी.

शरणागतीबद्दल एवढंच. २०१८ पासूनच्या योजनेत ईशान्येत शरण येणाऱ्याला ४ लाख रुपये, तीन वर्षं मुदत ठेवीत, आणि ३६ महिने दरमहा ६ हजार. ठीक आहे. पण शरण आलेला पोरगा ज्या गावात परततो तिथे काम नसेल आणि जुन्या साथीदारांपासून संरक्षण नसेल तर ३७ व्या महिन्यात तो कुठे जाणार? आसाममध्ये नव्वदच्या दशकात शरण आलेल्या उल्फा या सशस्त्र संघटनेच्या कार्यकर्त्यांना हत्यारं ठेवू दिली गेली आणि जुन्या साथीदारांविरुद्ध वापरलं गेलं. त्यातून झालेल्या 'गुप्त हत्यां'चा डाग आजही पुसलेला नाही.

त्रिपुराचं नाव या चर्चेत फार कमी येतं, खरं तर यायला हवं. तिथे पोलिसांनी नेतृत्व केलं, १९८४ मध्ये उभी केलेली त्रिपुरा स्टेट रायफल्स कणा झाली, लष्कर मुख्य भूमिकेत नव्हतंच. अफ्स्पा १९९७ मध्ये लागला आणि परिस्थिती निवळल्यावर २०१५ मध्ये राज्याने तो काढलाही. स्थानिक भाषा बोलणारा, त्याच जिल्ह्यात नोकरी काढणारा शिपाई दोन-तीन वर्षांनी बदलत नाही. त्याची कमजोरीही तीच: समाजच दुभंगला तर तोही दुभंगतो, जसं मणिपूरमध्ये झालं.

शेवटी कुंपण. भारत-म्यानमार सीमा १,६४३ किलोमीटर: अरुणाचल ५२०, नागालँड २१५, मणिपूर ३९८, मिझोराम ५१०. सीमेच्या दोन्ही बाजूंना एकच जमाती राहतात, म्हणून १६ किलोमीटरपर्यंत विनाव्हिसा ये-जा चालायची. फेब्रुवारी २०२४ मध्ये ती बंद करण्याची घोषणा झाली, पुढे मर्यादा १० किलोमीटरवर आणून पास सक्तीचा केला गेला. मिझोराम आणि नागालँड या दोन्ही विधानसभांनी याविरुद्ध ठराव केले. मोन जिल्ह्यातल्या लोंगवा गावात प्रमुखाचं, म्हणजे आंगचं, घरच सीमेवर आहे. एक खोली इकडे, एक तिकडे.

काश्मीरशी तुलना केली जाते, म्हणून सांगतो. नियंत्रण रेषा सुमारे ७४० किलोमीटर. तिच्यावरचं जवळपास ५५० किलोमीटरचं दुहेरी कुंपण २००४ पर्यंत उभं राहिलं. घुसखोरी कमी झाली हे खरं, पण तिथे कुंपणामागे दाट चौक्या, गस्तीचा रस्ता, दिवे, सेन्सर आणि काही मिनिटांत पोहोचणारी माणसं आहेत, आणि दर हिवाळ्यात बर्फाने पडलेलं कुंपण दर वसंतात उभारणारे हात आहेत. म्यानमार सीमेवर मणिपूरच्या मोरे गावाजवळचे १० किलोमीटर झाले, पुढचं काम सुरू आहे. तिथे बर्फाऐवजी पाऊस, दरडी आणि बांबूचं रान आहे. कित्येक ठिकाणी जवळचा मोटाररस्ता एका दिवसाच्या चालीवर. मोरेसारख्या व्यापारी वाटांवर कुंपणाने वाहनं, मोठा अमली माल आणि हत्यारांच्या पेट्या अडतील, तेवढ्यापुरता फायदा खरा आहे. चंदेल किंवा मोनच्या जंगलात मात्र आधी सीमेला समांतर गस्तीचा रस्ता हवा, मग चौक्या, मग कुंपण. उलट क्रमाने काम झालं तर पहिल्या पावसाळ्यानंतर तार कुठे तुटली आहे हे कळायलाच तुकडीला दोन दिवस चालत जावं लागेल.